दहा फुटांची केबिन

एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ (१९४४) वाचताना मी हरखलो. १९३९च्या उन्हाळ्यात ‘क्रेसी’ बॅनबरीहून निघते. पानगळ येते तोवर युद्ध पेटलेलं असतं. कालव्यावरच्या त्या संथ जगण्याचा हेवा वाटतो.

पण मी दहा बाय दहाच्या खोलीत वाढलोय. रोल्टना अख्खी बोट घर म्हणून मिळाली. मालवाहू बोटींवर कोळशाला जागा देऊन उरलेल्या दहाएक फुटांच्या केबिनमध्ये कुटुंबं राहायची. केबिनवर रंगवलेले गुलाब सुंदरच. पण पावसाळी शरदात ओले कपडे कुठे वाळायचे, हा प्रश्न मला सोडत नाही.

या पुस्तकातूनच १९४६मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. कालवे वाचले. ती कुटुंबं मात्र काठावर उतरली, कायमची.