कापड कोणाचे? : व्यापार-प्रदर्शनातील गेम-पत्रकाराचा पोशाख आणि मराठी पत्रकारितेतील संकेत

प्रास्ताविक

व्हिडिओ गेमच्या व्यापार-प्रदर्शनांचे वृत्तांकन करणाऱ्या पत्रकारांनी अधिक व्यावसायिक पोशाख करावा काय, हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावरील वाचकाला प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेले व डिसेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद झाल्याचे जाहीर करण्यात आलेले 'ई-थ्री', जर्मनीतील कोलोन शहरी भरणारे 'गेम्सकॉम', जपानमधील 'टोकियो गेम शो' ही या व्यवसायाची प्रमुख प्रदर्शने होत. अशा ठिकाणी जीन्स, विटलेला टी-शर्ट आणि पाठीला सॅक या वेषात हिंडणारा पत्रकार हा पत्रकार न वाटता खेळाचा चाहता वाटतो, आणि म्हणून त्याचे लेखनही कोणी गांभीर्याने घेत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर उपाय म्हणून कोट, इस्त्रीचा सदरा व बूट सुचविले जातात. मुंबईत १ ते ४ मे २०२५ या काळात झालेल्या 'वेव्ह्ज' परिषदेत चित्रपट व ॲनिमेशन यांच्या जोडीला गेमिंगलाही स्थान मिळाले, तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारातही येऊन उभा आहे. ज्या जिल्ह्याने मराठीला पहिला पत्रकार दिला आणि सावंतवाडीच्या गंजिफांच्या रूपाने हातांनी रंगविलेला खेळ जपला, त्या जिल्ह्यातून त्याचा विचार होणे अप्रस्तुत ठरू नये.

पत्रकाराचा पोशाख औपचारिक आहे की अनौपचारिक, यापेक्षा तो त्याच्या अंगावर कोणी चढविला, ही कसोटी अधिक महत्त्वाची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी समाजाला ही कसोटी मुळीच नवी नाही.

मराठी संपादकाचा वेष

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा मराठीत पत्रकार हा पेशाच अस्तित्वात नव्हता. मग त्याचा वेष कोठून असणार? त्यांच्या परिचित चित्रातील पगडी ही विद्वान अध्यापकाची पगडी आहे. लोकमान्य टिळकांची पगडी, अंगरखा आणि उपरणे हा 'केसरी'च्या संपादकाचा म्हणून कोणी ठरवून दिलेला पोशाख नव्हता. तो तत्कालीन पुणेरी गृहस्थाचा नित्याचा वेष होता. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात तो न्यायालयात दिसला आणि मगच त्याला संपादकीय बाणेदारपणाचा अर्थ चिकटला. म्हणजे लेखनाने वेषाला प्रतिष्ठा दिली. आज कोटाकडून लेखनाला प्रतिष्ठा मिळण्याची अपेक्षा बाळगणारे हा क्रम उलटा करू पाहतात.

तथापि, यावरून पोशाख ही गौण बाब आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत, असे शीर्षकातच बजावणारा निबंध लिहिला. तो लिहिणारा संपादक कापडाला क्षुल्लक समजत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत व अंगावरचे दागिने बदलण्याचा उपदेश केला, कारण त्या खुणांवरून जात ओळखली जात असे. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' चालविणाऱ्या या संपादकाचा सूट पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून उडवून लावता येत नाही. समाजाने ठरवून दिलेला वेष नाकारण्याचा हक्क त्यात होता. 'कपड्यांत काय आहे?' हा उद्गार बहुधा त्यालाच परवडतो, ज्याचा अपमान कपड्यांवरून कधी झालेला नसतो. गेम-पत्रकारांच्या वर्गातही हा भेद आहे. नामांकित नियतकालिकाचा प्रतिनिधी टी-शर्टमध्ये गेला तरी त्याला आत घेतले जाते. नवख्या, मुक्त पत्रकाराला, विशेषतः स्त्रीला, 'तुम्ही येथे कोणाबरोबर आलात?' हा प्रश्न आधी ऐकावा लागतो. तिने कोट घातला तर तो तिला त्या प्रश्नापासून थोडे संरक्षण देतो, एवढे कोटाच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

वस्त्रे देणे, वस्त्रे घेणे

मराठ्यांच्या राज्यव्यवहारात पद दिले जाई ते वस्त्रांच्या रूपाने. १७ एप्रिल १७२० रोजी मसूर येथे शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली, असेच आपण आजही म्हणतो. वस्त्रे घेणारा देणाऱ्याचा सेवक होतो, हा अर्थ त्या शब्दप्रयोगातच अंतर्भूत आहे. त्याची दुसरी बाजू १६६६ साली आग्र्याला दिसली. बादशहाकडून देऊ केलेला सरपाव शिवाजी महाराजांनी अंगावर घेण्यास नकार दिला, असे समकालीन राजस्थानी पत्रांवरून दिसते. दरबारी रिवाजाच्या दृष्टीने त्या सरपावात उणे काही नसावे. नकार होता तो ज्या नात्याने तो दिला जात होता त्या नात्याला. सिंधुदुर्ग किल्ल्यातील श्री शिवराजेश्वर मंदिरातील मूर्तीचा वेष नाविकाचा आहे, असे स्थानिक परंपरा सांगते. ज्या किनाऱ्याने आरमार उभे केले त्या किनाऱ्याचे कापड त्या मूर्तीच्या अंगावर आहे, हे येथे नोंदवावेसे वाटते.

या पार्श्वभूमीवर व्यापार-प्रदर्शनातील प्रेस-कक्षाकडे पाहिले म्हणजे चित्र बदलते. प्रवेशिकेचा गळ्यातील पट्टा प्रायोजकाच्या नावाचा, खांद्यावरची पिशवी दुसऱ्या कंपनीची, आणि पिशवीत नव्या खेळाचे चित्र छापलेला टी-शर्ट व टोपी. गेम उद्योगातील निर्माते स्वतःच टी-शर्टमध्ये वावरतात. म्हणून त्या सभागृहात टी-शर्ट हा अनौपचारिक वेष उरत नाही, तो यजमानांचा दरबारी पोशाख होतो. तो घालणाऱ्या पत्रकारावर गबाळेपणाचा आरोप करणारे चुकीच्या जागी बोट ठेवतात. त्याच्यावर आरोप करावयाचाच तर तो यजमानांत विरघळून गेल्याचा करावा लागेल. खेळाच्या बोधचिन्हाचा टी-शर्ट घालून त्याच खेळाचे परीक्षण लिहिणारा परीक्षक आणि आश्रयदात्याने दिलेला शेला पांघरून त्याच्या दानशूरपणावर कवन रचणारा भाट, यांत फार अंतर राहत नाही.

मात्र टी-शर्टच्या जागी कोट आला म्हणजे हे अंतर वाढेल, ही समजूतही टिकत नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात 'हेलो ४' या खेळाच्या प्रसिद्धीसाठी एका नामवंत गेम-पत्रकाराची मुलाखत चित्रित झाली. त्याच्या एका बाजूला खेळाच्या नायकाचे चित्र होते आणि दुसऱ्या बाजूला टेबलावर डोरिटोसची पाकिटे व माउंटन ड्यूच्या बाटल्या. ते दृश्य पुढे या पत्रकारितेच्या परावलंबनाचे प्रतीक होऊन बसले. वाद पेटला तो त्या टेबलावरून; पत्रकाराच्या सदऱ्याला इस्त्री होती किंवा कसे, याला त्यात काही स्थान नव्हते. त्यावर 'युरोगेमर' या ब्रिटिश नियतकालिकात टीका करणाऱ्या रॉबर्ट फ्लॉरेन्स यांच्या स्तंभातील काही मजकूर तक्रारीनंतर वगळण्यात आला आणि त्यांनी स्तंभ सोडला. तसेच कंपनीने काढून दिलेले विमानाचे तिकीट व हॉटेलातील खोली हीदेखील वस्त्रेच होत. ती अंगावर दिसत नाहीत, एवढेच.

भारतात हा मुद्दा केवळ सौंदर्यदृष्टीचा राहिलेला नाही. २०२३ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर 'ड्रीम इलेव्हन' या कंपनीचे नाव होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ते नाव जर्सीवरून उतरले. ज्या व्यवहाराला बंदी घालावी असे संसदेला वाटले, त्याचे नाव दोन वर्षे राष्ट्रीय संघाच्या छातीवर होते. अशा खेळांच्या जाहिरातींवर वर्तमानपत्रे व वाहिन्या यांचेही उत्पन्न अवलंबून होते. कर्ज काढून खेळणाऱ्या तरुणांचे प्रश्न विचारणे हे ज्या पत्रकारांचे काम होते, त्यांपैकी किती जणांच्या गळ्यात त्याच व्यवसायाने प्रायोजित केलेले पट्टे होते, हा प्रश्न कोट-टी-शर्टच्या वादात हरवून जातो.

नियमांचा रोख

पोशाखाचे नियम बहुधा ज्याचे पारडे हलके त्याच्यावर पडतात. 'ई-थ्री'च्या आयोजकांनी २००६ साली वेषाविषयीचा नियम कडक केला, तो कंपन्यांच्या दालनांपुढे उभ्या केल्या जाणाऱ्या तरुणींच्या तोकड्या कपड्यांविषयी होता. उल्लंघनास पाच हजार डॉलर दंड होता. तो नियम वाईट होता असे नव्हे. परंतु त्या तरुणींना तेथे उभे करण्याची कल्पना ज्यांची, त्यांच्या वेषाला त्यातून काही बाध आला नाही. त्याच प्रदर्शनाच्या संकेतस्थळावरून २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक पत्रकार व अन्य उपस्थितांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक उघडे पडले. यजमान पाहुण्याची किती पत्रास ठेवतो, हे अशा वेळी कळते; पाहुण्याने टाय बांधला होता काय, याची तेव्हा कोणी चौकशी करीत नाही.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या व जीन्स, टी-शर्ट यांस मनाई केली. शिक्षकी पेशातील वाचकांस त्यावर अधिक सांगणे न लगे! पण तेथे निदान नियम करणारा आणि वेतन देणारा यांचा संबंध उघड आहे. पत्रकाराला पोशाख सांगण्याचा अधिकार फार तर त्याच्या वर्तमानपत्राला असू शकेल. प्रदर्शनाच्या आयोजकाला तो नाही, कारण पत्रकार त्याच्या दारी उभा असला तरी वाचकाच्या वतीने उभा असतो.

मालवणचा वार्ताहर

सिंधुदुर्गातील तालुका पातळीवरील वार्ताहर हा बहुधा पूर्णवेळ पगारदार नसतो. बातमीमागे मिळणारे तुटपुंजे मानधन, जाहिरातींवरील कमिशन आणि जोडीला दुकान, बाग किंवा शिकवणी, अशी त्याची मिळकत असते. दशावतारातील नटाविषयी 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' असे या भागात म्हटले जाते, ते त्यालाही लागू पडते. रापण ओढली जात असताना ओल्या वाळूत उभे राहून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौका यांच्या संघर्षाची बातमी घेणाऱ्याला चकचकीत बूट उपयोगाचे नाहीत. तेथे गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट हाच व्यावसायिक पोशाख होय.

राजकोटाच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवण-तारकर्ली किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला व पंतप्रधानांच्या हस्ते राजकोट येथे शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पदचिन्हांत महाराजांच्या वारशाची छाप दिसेल, अशी घोषणाही त्याच समारंभात झाली. म्हणजे तो दिवस एका अर्थाने वेषाचाच होता. निमंत्रण, प्रवेशिका, आसनव्यवस्था, सारे यजमानाचे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तोच पुतळा कोसळला. त्या बातमीला यजमान नव्हता, प्रवेशिका नव्हती आणि दिवस पावसाचे होते. नऊ महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन घटनांपैकी पत्रकारितेची खरी परीक्षा दुसरीने घेतली. पहिल्या दिवशी पायाचे काम, धातूची जाडी, समुद्रावरचा वारा यांविषयी प्रश्न विचारणे समारंभाला शोभले नसते, असे कोणी म्हणेल. 'शोभणे' हा शब्द पोशाखाच्या चर्चेतही वारंवार येतो, हे लक्षात घेतलेले बरे.

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिनानिमित्त जिल्ह्यात ठिकठिकाणी सत्कार होतात. शाल, श्रीफळ आणि गुलाबपुष्प. वाचनालयाने किंवा महाविद्यालयाने वडीलधाऱ्या पत्रकाराला पांघरलेली शाल ही वाचकांची कृतज्ञता असते व ती अवमानण्याचे कारण नाही. परंतु ज्या पुढाऱ्याच्या, ठेकेदाराच्या अथवा पतसंस्थेच्या कारभाराची बातमी उद्या लिहावयाची, त्यांच्या हातची शाल आणि प्रदर्शनातील कंपनीचा टी-शर्ट हे एकाच जातीचे कापड आहे. मराठी पत्रकार संघटनांना गेम-पत्रकारांसाठी काही संकेत घालून द्यावयाचा झाल्यास कोट सक्तीचा करण्याऐवजी एवढेच ठरवावे : यजमानाने दिलेले कापड कामाच्या वेळी अंगावर नसावे, गळ्यातील पट्टा स्वतःचा असावा आणि प्रवासखर्च कोणी केला हे लेखाखाली छापावे. मालवणच्या वार्ताहराला तर त्याच्या वर्तमानपत्राने मे महिना संपण्यापूर्वी एक बरा रेनकोट पुरवावा. त्यावर नाव हवेच असेल तर त्या वर्तमानपत्राचे असावे.