मृतांची सेवा आणि तिचे मोल

मृताला मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले आहे. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आणि त्याच ओळीत मृताला माती. पहिल्या सहा कृत्यांना मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा आधार आहे. सातव्याची प्रेरणा तोबितच्या ग्रंथातली. सणाच्या जेवणाला बसलेला तोबित भरले ताट सोडून उठतो, बाजारात टाकून दिलेला आपल्या एका बांधवाचा देह उचलून आणतो आणि सूर्य मावळल्यावर त्याला पुरतो. शेजारी त्याला हसतात. तोबितला या कामाचे कोणी पैसे दिले नव्हते. मग जो माणूस हेच काम रोज करतो, त्याचे पैसे घेतो आणि त्यावर आपले घर चालवतो, त्याला आपण काय म्हणावे? टॉमस लिंच यांच्या ‘द अंडरटेकिंग’ या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहाने हा प्रश्न ज्या प्रांजळपणे मांडला आहे, तसा तो क्वचितच मांडला गेला असेल.

लिंच हे मूळच्या आयरिश कॅथॉलिक घराण्यातले अमेरिकन कवी. मिशिगन राज्यातील मिलफर्ड या छोट्या गावात त्यांनी पिढीजात अंडरटेकरचा व्यवसाय केला. वर्षाकाठी आपल्या गावातली दोनएकशे माणसे पुरणारा हा गृहस्थ आपल्या कामाविषयी ना लाजून बोलतो, ना मिरवून. पुस्तकाच्या नावातच एक श्लेष आहे. ‘अंडरटेकिंग’ म्हणजे प्रेतसंस्काराचा धंदा, तसेच अंगावर घेतलेले, शब्द देऊन पत्करलेले काम. धंदा आणि पत्करलेली जबाबदारी या दोन अर्थांमधली ओढाताण हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे.

या पुस्तकाचे मोल कळण्यासाठी त्याआधीची दोन पुस्तके डोळ्यांसमोर ठेवायला हवीत. एव्हलिन वॉ या इंग्रज कॅथॉलिक कादंबरीकाराने १९४७ साली कॅलिफोर्नियातील एक भव्य, बागेसारखी सजवलेली दफनभूमी पाहिली आणि पुढच्याच वर्षी ‘द लव्हड वन’ ही जहरी उपहासकादंबरी लिहिली. तीत मृतांना रंगरंगोटी होते, त्यांच्या चेहऱ्यांवर हसू बसवले जाते आणि ‘मृत्यू’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. अखेरीस नायिका आत्महत्या करते आणि तिचा देह पाळीव जनावरांच्या भट्टीत जाळला जातो. जेथे पुनरुत्थानाची आशा उरली नाही तेथे देहाची केवळ सजावट उरते, हा वॉ यांचा रोख कोणाही श्रद्धावंताला पटेल. परंतु त्या कादंबरीत मेलेल्यासाठी मनापासून रडणारे माणूस जवळपास सापडत नाही. उपहासाला अश्रू परवडत नाहीत.

दुसरे पुस्तक जेसिका मिटफर्ड यांचे, १९६३ सालचे, ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’. मिटफर्डबाईंनी या धंद्याचे हिशेबच उघडे केले. शवपेट्या कोणत्या क्रमाने मांडल्या की दुःखी कुटुंब महागड्या पेटीपाशी थांबते, देह टिकवण्यासाठी औषधी द्रव भरण्याची क्रिया, म्हणजे एम्बामिंग, बहुतेक वेळा कायद्याने आवश्यक नसताना ती कशी गळ्यात मारली जाते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा टीकेतून उठलेल्या चळवळीचे फळ म्हणून १९८४ पासून अमेरिकेत अंडरटेकरला प्रत्येक वस्तूचा व कामाचा वेगळा दर लेखी द्यावा लागतो; दूरध्वनीवर विचारले तरी सांगावा लागतो.

लिंच यांना मिटफर्डबाईंचा हा हिशेब मान्य नाही आणि येथेच त्यांचे पुस्तक रंगते. ते एक वाक्य निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा सांगतात, की मेलेल्यांना कशाचीच पर्वा नसते. पेटी सागवानी की साधी, फुले किती, मोटारी किती, यांतले काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जे काही करायचे ते जिवंतांसाठी. धंदेवाईक माणसाच्या तोंडी हे वाक्य धाडसाचे आहे. पण पुस्तक वाचता वाचता जाणवते, की लेखकाचे हात या वाक्याला जुमानत नाहीत.

याचा पुरावा वडिलांवरील निबंधात मिळतो. त्यांचे वडीलही याच व्यवसायातले. आयुष्यभर इतरांची मुले पुरल्यामुळे त्यांना आपल्या मुलांच्या प्रत्येक खेळात अपघात दिसायचा. आई मात्र मुलांना देवाच्या हवाली करून मोकळी व्हायची. या वडिलांना फ्लोरिडात मृत्यू आला, तेव्हा आपले साहित्य पिशवीत भरून टॉमस आणि त्यांचा भाऊ विमानाने तेथे गेले. वडिलांची इच्छा होती, की आपला देह आपल्या मुलांनीच तयार करावा. मुलांनी ती पाळली. मेलेल्यांना पर्वा नसते, तर मग हा प्रवास कोणासाठी? लिंच म्हणतील, आमच्यासाठी. हे उत्तर खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. दिलेला शब्द बाप गेल्यावरही बापालाच दिलेला असतो.

लिंच आपल्या एका व्यवसायबंधूची हकीकत सांगतात. एका मुलीचा निर्घृण खून झाला होता. बहुतेकांनी पेटीचे झाकण बंद करून टाकले असते. या गृहस्थाने मात्र दिवसभर आणि रात्रभर खपून तिची भंगलेली कवटी तुकडा तुकडा जुळवली, केस धुतले, चेहरा पुन्हा तिचा केला. का, तर आईला तिला पाहायचे होते म्हणून. वॉ यांना या कामात रंगरंगोटी दिसली असती. मिटफर्डबाईंनी तासांचा दर विचारला असता. हे ज्याने केले त्याने मात्र खुन्याच्या हातून त्या मुलीला परत आणले, तिच्या मरणातून नव्हे, पण तिच्या विटंबनेतून. हे काम म्हणजे दयेचे कृत्य की धंदा? दोन्ही. पैसे घेतल्याने दया नाहीशी होत नाही, हे लिंच यांचे म्हणणे येथे आपल्याला मानावेच लागते.

मात्र त्यांची बाजू सर्वत्र इतकी भक्कम नाही. किमतीचा प्रश्न आला, की ते विनोदाचा आधार घेतात. गोल्फचे मैदान आणि दफनभूमी एकत्र करण्याची कल्पना रंगवणारा निबंध सुरुवातीला हसवतो, पुढे लांबतो. गिऱ्हाईक आपल्या मर्जीने पेटी निवडते, हा त्यांचा युक्तिवादही टिकणारा नाही. बाप घरात निपचित पडलेला असताना कोणता मुलगा घासाघीस करील? दुःखात माणसाची मर्जी मोकळी नसते. लिंच प्रामाणिक असतील, पण लेखी दर मागणारा नियम त्यांच्यासारख्यांसाठी नसतोच. तो नियम झाला, हे मिटफर्डबाईंसारख्यांचे ऋण मान्य करायलाच हवे.

तरीही शेवटी हे पुस्तक मनात घर करते ते त्याच्या अखेरच्या निबंधामुळे. त्यात लिंच स्वतःच्या दफनाविषयी सूचना देतात. आपल्याला फेब्रुवारीत, मिशिगनच्या कडाक्याच्या थंडीत पुरावे. मंडळींनी खड्ड्यापाशी यावे आणि काम पुरे होईपर्यंत हलू नये. पुढील लेखनात त्यांनी हाच आग्रह धरला आहे. त्यांचा विरोध अग्नीला नाही. मृताला वगळून केलेल्या आठवणींच्या मेळाव्याला आहे. १९९७ सालीच अमेरिकेतील धर्मप्रांतांना रोमकडून अस्थींच्या उपस्थितीत अंत्यविधीचा मिस्सा करण्याची विशेष परवानगी मिळाली, आणि २०१५-१६ च्या सुमारास त्या देशात दहनांची संख्या दफनांपेक्षा अधिक झाली. ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनाला मुभा दिली. २०१६ च्या सूचनापत्रात अस्थी विखरू नयेत, घरात ठेवू नयेत, असे बजावले. दोन्हींमागचा विचार लिंच यांच्या विचाराशी जुळतो. देह म्हणजे टाकून दिलेले आवरण नव्हे. त्याला योग्य जागी पोचवायचे असते, आणि पोचवणाऱ्यांनी सोबत जायचे असते.

आपल्या धर्मग्रामांत हे वेगळे सांगावे लागत नसे. मयत झाले, की देवळाची घंटा व्हायची. जाणत्या बाया देहाला आंघोळ घालायच्या, सुतार पेटी करायचा, शेजारचे तरुण खड्डा खणायचे. आता इस्पितळातून देह थेट शीतपेटीत जातो, परदेशातला मुलगा येईतो थांबतो, आणि बाकीचे सारे दूरध्वनीवर ठरते. यात कोणाचा दोष नाही. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाणत्या बाया कोठून आणायच्या? अंडरटेकरची आपल्याला गरज आहे आणि त्याच्या कामाला आपण कमी लेखू नये. परंतु २०२० च्या महामारीत कित्येकांना आईचा किंवा बापाचा चेहरा न पाहता, बंद पिशवीला लांबूनच निरोप द्यावा लागला. ती सल अजून अनेक घरांत आहे. मृतापासून दूर ठेवले जाणे म्हणजे काय, हे तेव्हा आपल्याला कळले. सक्तीने जे गमावले म्हणून आपण रडलो, ते सोयीसाठी आपण होऊन सोडून देऊ नये.

अरिमथाईकर योसेफाने प्रभूचा देह मागून घेतला आणि निकदेमने सुमारे शंभर शेर गंधरस व अगरू आणले, असे योहान सांगतो. ती सामग्री निकदेमने पैसे मोजूनच घेतली असणार. विकणाऱ्यानेही आपला नफा घेतला असेल. पण देह तागाच्या वस्त्रात गुंडाळताना तेथे हात होते ते त्या दोघांचे. लिंच यांच्या पुस्तकातून आपण एवढे घ्यावे, की सामग्री विकत मिळते, मदतही विकत मिळते आणि तिचे योग्य मोल द्यावे. मात्र थडग्यापर्यंतची वाट आपल्या पायांनीच चालायची असते, आणि मूठभर माती आपल्याच हाताने टाकायची असते.