‘नंतर वाचू’चं काय होतं?

पीएचडी करणारी मंडळी दिवसभर नेमकं काय करतात, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर निम्मं उत्तर सोपं आहे: वाचतात. पॉल गिन्सपार्ग यांनी 1991 साली भौतिकशास्त्राच्या शोधनिबंधांसाठी ‘आर्काइव्ह’ नावाचा खुला साठा सुरू केला. आज त्यात महिन्याला 20,000 हून जास्त नवे निबंध येतात. सोमवार ते शुक्रवार, भारतात पुरतं उजाडायच्या आतच त्या दिवसाची नवी यादी तयार असते. शिवाय ब्लॉग आहेत, वृत्तपत्रांतले लांब लेख आहेत, मित्रांनी पाठवलेल्या लिंका आहेत. हे सगळं त्याच दिवशी वाचून होत नाही. म्हणून आपण म्हणतो, ‘नंतर वाचू’.

या दोन शब्दांवर एक अख्खा सॉफ्टवेअर-प्रकार उभा आहे. आज त्याच्याबद्दलच लिहितोय, कारण त्यातलं सगळ्यात नावाजलेलं साधन, पॉकेट, मोझिलाने 8 जुलै 2025 ला बंद केलं. 2007 साली ते ‘रीड इट लेटर’ याच नावाने सुरू झालं होतं, 2012 मध्ये पॉकेट झालं आणि 2017 मध्ये मोझिलाने विकत घेतलं.

आधी चांगलं सांगतो. पॉकेट लेखाभोवतीच्या जाहिराती आणि बाकीचा कचरा काढून फक्त मजकूर समोर ठेवायचं. फोनला रेंज नसली तरी साठवलेला लेख वाचता यायचा. लोकल किंवा एसटीने प्रवास करणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. ही कामं त्याने चोख केली.

पण बंद होताना वापरणाऱ्यांना आपापली यादी उतरवून घ्यायची सोय दिली होती, ती फाइल उघडून बघा. त्यात काय आहे? लेखाचं शीर्षक, पत्ता, साठवल्याची वेळ, टॅग आणि वाचलं की नाही याची खूण. बस्स. हा लेख तुम्ही का ठेवला होता, याला त्यात जागाच नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. या साधनांनी वस्तू जपली आणि कारण टाकून दिलं.

‘टॅग असतात की!’ असं तुम्ही म्हणाल. टॅग विषय सांगतो, कारण नाही. समजा, एका निबंधाला ‘ग्राफीन’ असा टॅग लावलाय. सहा महिन्यांनी तो टॅग उघडला तर त्याखाली ऐंशी निबंध. त्याऐवजी एक ओळ असती, ‘नमुना किती तापमानाला तापवला ते तिसऱ्या आकृतीत आहे, आपल्या मापनाशी ताडून बघायचं’, तर तोच निबंध लगेच कामाला आला असता.

गंमत म्हणजे ही गोष्ट 80 वर्षांपूर्वी सांगून झालेली आहे. जुलै 1945 च्या ‘द अटलांटिक’ मासिकात व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याचा एक लेख आला होता. त्यात त्याने मेमेक्स नावाचं यंत्र कल्पिलं: टेबलाएवढं, आत मायक्रोफिल्मवर पुस्तकं, पत्रं, नोंदी. या लेखातल्या साठवणुकीचीच आठवण जास्त काढली जाते, पण बुशचा भर होता वाटांवर. त्याच्या उदाहरणातला माणूस तुर्की धनुष्य इंग्लिश धनुष्यापेक्षा सरस का ठरलं असावं, हे शोधतोय. तो एक उतारा दुसऱ्याला जोडतो, मध्येच स्वतःच्या हाताने लिहिलेलं टिपण घालतो. पुढे काही वर्षांनी मित्राशी वेगळ्याच विषयावर बोलताना ती अख्खी वाट त्याला पुन्हा काढता येते. ‘नंतर वाचू’ साधनांनी बुशचं टेबल घेतलं, हाताने लिहिलेलं पान मात्र वगळलं.

बुशने त्याच लेखात मेंडेलचा दाखला दिलाय. अनुवंशशास्त्राचे नियम सांगणारा मेंडेलचा निबंध 1866 साली छापून आला आणि त्याचं महत्त्व कळायला 1900 साल उजाडलं. निबंध छापलेला होता, ग्रंथालयांतही होता. तो आपल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कळणारा माणूस त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. एखादी गोष्ट साठ्यात असणं आणि ती उपयोगात येणं यांत 34 वर्षांचं अंतर पडू शकतं.

आपल्याकडची जुनी कात्रणांची वही या बाबतीत जास्त शहाणी होती. कात्री चालवली की मागच्या पानावरचा मजकूर गेला, त्यामुळे काय ठेवायचं ते आधी ठरवावं लागायचं. समासात तारीख लिहिली जायची, कधी ‘अमक्याला दाखवणे’ असंही. ठेवायला कष्ट पडायचे म्हणून निवड व्हायची. एका टिचकीत काम व्हायला लागलं आणि निवड पुढे ढकलली गेली.

मग काय वापरायचं? संशोधनासाठी मी झोटेरो सुचवेन. 2006 साली जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेलं हे साधन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. प्रत्येक निबंधाला टिपण जोडता येतं, एक नोंद दुसऱ्या संबंधित नोंदीशी बांधता येते. म्हणजे बुशच्या वाटेची सोय त्यात आहे. पण तेही तुम्हाला टिपण लिहायला भाग पाडत नाही. एका टिचकीत तिथेही ढीग होतोच.

म्हणून साधनापेक्षा नियम महत्त्वाचा: एक ओळ कारण लिहिता आलं तरच ठेवायचं. श्रीनिवासन केशव यांनी 2007 साली निबंध तीन फेऱ्यांत कसा वाचावा, हे सांगणारा छोटा लेख लिहिला. त्यातली पहिली फेरी फक्त 5 ते 10 मिनिटांची: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष. तेवढ्यात ती एक ओळ सुचते. नाही सुचली तर लेख खुशाल सोडून द्या. हल्ली एआयकडून सारांश मिळतो, पण तो लेखात काय आहे ते सांगेल. तुम्हाला तो कशासाठी हवा होता, हे त्याला ठाऊक नाही.

याचा आणखी एक फायदा. प्यू संस्थेच्या 2024 च्या पाहणीनुसार, 2013 साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. नुसता पत्ता ठेवला असेल तर पान गेलं की सगळं गेलं. कारण लिहिलेलं असेल तर निदान काय शोधायचं ते माहीत असतं.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणावर गाईड बोट ठेवून विचारतात, ‘हा संदर्भ इथे का आहे?’ त्याचं उत्तर प्रबंध लिहिताना सुचत नाही. ते निबंध पहिल्यांदा हातात आला त्या दिवशीच लिहून ठेवावं लागतं. तुम्ही संशोधन करत नसाल तरी आज एखादी लिंक साठवताना शेजारी एक ओळ लिहून बघा. यादी नक्की लहान होईल, आणि उरेल ते वाचून होईल.