‘गुणिदास’ ते ‘गुणिजान’ : पं. सी. आर. व्यास यांच्या बंदिशकर्तृत्वाचा आणि अध्यापनाचा विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकातील ख्यालगायनाच्या इतिहासात पं. चिंतामण रघुनाथ ऊर्फ सी. आर. व्यास यांचे नाव गायक, बंदिशकार आणि गुरू अशा तिहेरी नात्याने घेतले जाते. १९८७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९९२ मध्ये पद्मभूषण. १० जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्म मात्र ९ नोव्हेंबर १९२४ रोजी उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव येथे झाला, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील कलाशाखेच्या विद्यार्थ्याला सांगितली तर तो आश्चर्यचकित होतो. नाट्यगीते गाणाऱ्या गायकांची नावे त्याला पाठ असतात, व्यासांचे नाव त्याने ऐकलेले नसते. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ जिल्ह्याच्या अभिमानाचा नाही. मराठी समाज शास्त्रीय संगीतातील कर्तृत्व कोणत्या मार्गाने ओळखतो, याचे उत्तर त्यात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात व्यासांच्या बंदिशनिर्मितीकडे एका शिक्षकाची कृती म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कीर्तनाचे घर आणि निजामी प्रदेश

व्यासांचे घराणे संस्कृत विद्वानांचे आणि कीर्तनकारांचे होते. हा तपशील चरित्रात्मक टिपणांत एका वाक्यात येतो आणि संपतो. वस्तुतः तो थांबून पाहण्यासारखा आहे. १९२४ चे उस्मानाबाद हे हैदराबाद संस्थानातील जिल्ह्याचे ठिकाण होते. मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, बडोदे येथील दरबारांनी मराठी गवयांना जो आधार दिला, तसा आधार या भागातील मराठी गायकाला लाभला नाही. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा परिस्थितीत मराठी माणसाचे संगीतशिक्षण मठात, देवळात आणि कीर्तनाच्या रंगणात होत असे. परंड्याच्या परिसरातच डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे, परंड्यात हंसराजस्वामींची परंपरा आहे. या स्थानांनी ख्यालगायक घडवले असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु स्वर, ताल आणि शब्द यांचा एकत्र संस्कार करणारी शाळा मराठवाड्यात कोणती होती, असे विचारले तर कीर्तनाकडेच बोट दाखवावे लागेल.

कीर्तनकाराचा कान शब्दावर असतो. पद रागात असो वा साध्या चालीत, समोरच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचला नाही तर आख्यान पडते. व्यासांच्या ध्वनिमुद्रित गायनात बंदिशीचा शब्द तानेच्या ओघातही चुरगळत नाही, त्याचे मूळ प्रस्तुत लेखकाला आग्रा घराण्याच्या बोलअंगाइतकेच या घरच्या संस्कारातही दिसते. हे सिद्ध करता येण्यासारखे विधान नाही. ऐकून करावयाचा निर्णय आहे, आणि तो वाचकाने स्वतः ऐकून तपासावा.

तीन गुरुपरंपरा : संगम की क्रम?

व्यासांनी आरंभी गोविंदराव भातंब्रेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम घेतली. (भातंब्रेकर हे आडनाव बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्याच्या भातंब्रा गावाकडे निर्देश करते. म्हणजे ही पहिली तालीमही आपल्याच सीमाभागाच्या वर्तुळातली.) पुढे मुंबईस गेल्यावर ग्वाल्हेर परंपरेतील राजारामबुवा पराडकर आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य यशवंतबुवा मिराशी यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. त्यानंतर पं. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ यांच्याकडे त्यांनी आग्रा गायकीचा अभ्यास केला. आचार्य श्री. ना. रातंजनकर यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले.

या सगळ्याला ‘तीन घराण्यांचा त्रिवेणी संगम’ म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. हा शब्दप्रयोग ऐकायला गोड असला तरी समीक्षेच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. किराण्याची संथ, स्वरास्वराने होणारी बढत, ग्वाल्हेरची स्थायी-अंतरा पूर्ण मांडून मध्य लयीत पुढे जाणारी सरळ वाट आणि आग्र्याची नोमतोम, बोलबाट व लयीची कुस्ती या तीन गोष्टी एका पात्रात ओतल्या म्हणून एकजीव होत नाहीत. महत्त्व संगमाला नसून क्रमाला आहे. आधी स्वर स्थिर झाला, मग बंदिशीची चौकट हाती आली, मग त्या चौकटीत शब्द आणि लय खेळवण्याचे धाडस आले. हा क्रम उलटा असता तर कदाचित वेगळाच गायक घडला असता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका पद्धतीत तयार झालेल्या गायकाने पुन्हा दुसऱ्या गुरूपुढे विद्यार्थी म्हणून बसणे याला विशिष्ट प्रकारचे धैर्य लागते. आवाज कसा लावावा इथपासून त्याला फेरविचार करावा लागतो. आपण काय शिकलो याचे भान सर्वांनाच असते. आपण कसे शिकलो याचे भान मात्र अशा वारंवार शिष्य झालेल्या माणसालाच येते. व्यास गुरू म्हणून यशस्वी झाले याचे कारण येथे शोधावे असे वाटते. प्रभाकर कारेकर यांच्यासारखा स्वतःची रंगमंचीय ओळख असलेला गायक त्यांच्याकडे शिकला आणि संजीव चिम्मलगी यांच्यासारखा पुढच्या पिढीचा गायकही. दोघांचे गाणे एकमेकांसारखे नाही, ही त्यांच्या अध्यापनाची साक्ष होय.

मुद्रा

बंदिशीत रचनाकार आपले टोपणनाव गुंफतो, त्यास मुद्रा म्हणतात. ‘सदारंग’ म्हणजे न्यामत खाँ, ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ, ‘प्राणपिया’ म्हणजे विलायत हुसेन खाँ, ‘सुजान’ म्हणजे रातंजनकर. विलायत हुसेन खाँ हे जगन्नाथबुवांचे गुरू. जगन्नाथबुवांची मुद्रा ‘गुणिदास’, आणि व्यासांची ‘गुणिजान’. आधुनिक साहित्यात लेखकाचे नाव त्याचे वेगळेपण सांगण्यासाठी असते. येथे नाव गुरूच्या नावाचा पहिला भाग घेऊनच उभे राहते. ज्या कवीला स्वतःची सही करताना दुसऱ्याचे ऋण लिहावे लागते, त्याच्या नवतेची कल्पना आपल्या नवतेच्या कल्पनेहून निराळी असणार.

ती कशी निराळी आहे हे जोगकंसाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हा राग जगन्नाथबुवांनी प्रचारात आणला. त्याच्या पूर्वांगात जोग रागाप्रमाणे शुद्ध व कोमल असे दोन्ही गंधार येतात. शुद्ध गंधार चढताना येतो आणि उतरताना मध्यमावरून शुद्ध गंधारास स्पर्श करून कोमल गंधाराने षड्जावर येणे होते. उत्तरांगात कोमल धैवत आणि शुद्ध निषाद ही चंद्रकंसाची जोडी असते. कागदावर हे इतके सोपे आहे. आपला विद्यार्थी ते आरोह-अवरोह, पकड, वादी-संवादी यांसह उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितो आणि गुण मिळवतो. गायला बसवले की खालच्या सप्तकार्धात जोग, वरच्या सप्तकार्धात चंद्रकंस, आणि मध्ये शिवण दिसते.

ती शिवण मध्यमावर असते. मध्यम हा येथे दाराच्या बिजागरीसारखा आहे. दार दोन्हीकडे उघडले पाहिजे, पण बिजागरी वाजता कामा नये. हे नियम सांगून शिकवता येत नाही, कारण मध्यमावर किती थांबावे आणि कोणत्या बाजूने त्याला सोडावे हे लयीवर अवलंबून असते. बंदिश हे काम करते. तिचा मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो, सम कोणत्या स्वरावर येते, कोणते अक्षर लांबते, यांतून ती विद्यार्थ्याचा गळा नकळत त्या मध्यमावर योग्य तितका वेळ ठेवते. पन्नास वेळा बंदिश म्हटली की रागाचा नियम न उच्चारता अंगी मुरतो. ज्या नव्या रागासाठी जुन्या बंदिशींचा साठाच नाही, तेथे रचना करणे म्हणजे शिकवण्याची साधने तयार करणे होय. व्यासांनी दोनशेच्या आसपास बंदिशी रचल्या, त्या ‘राग सरिता’ या ग्रंथात संगृहीत झाल्या. धनकोनी कल्याणसारखा फारसा न गायला जाणारा राग त्यांच्या नावाशी जोडला गेला. या निर्मितीमागे कविमनाची ऊर्मी असेलच, पण समोर बसलेल्या शिष्याची अडचण हे तिचे अधिक जवळचे कारण दिसते. म्हणूनच या बंदिशींची काव्य म्हणून स्वतंत्र परीक्षा घेतली तर त्या काहीशा सांकेतिक वाटतात. प्रियकर, विरह, ऋतू, ईश्वराची आळवणी हाच त्यांचाही ऐवज आहे. परीक्षेची ती जागाच चुकीची आहे असे म्हणून समीक्षकाने सुटका करून घेऊ नये. शब्दार्थाच्या अंगाने व्यास परंपरेच्या पुढे फारसे गेले नाहीत, हे मान्य करावे लागेल.

भाषेचा प्रश्न

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. मराठी कीर्तनाच्या घरात वाढलेल्या रचनाकाराने आपली रचना मुख्यतः ब्रज-हिंदीतच का केली? मराठीत ‘ळ’, ‘ण’ यांसारखी वर्णांची खडबड आहे, विभक्तिप्रत्ययांनी शब्द लांबतो, म्हणून ती ख्यालाला मानवत नाही, असे उत्तर नेहमी दिले जाते. ते टिकत नाही. भास्करबुवा बखले आणि गोविंदराव टेंबे यांनी रागदारी चालींवर मराठी पदे रंगभूमीवर उभी केली, आणि ती महाराष्ट्राने शतकभर गायली.

जगन्नाथबुवांच्याच शिष्यवर्गात या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांना संगीत दिले आणि ख्यालातून मिळवलेले धन मराठी शब्दांत खर्च केले. राम मराठे तर रंगभूमीचेच. माणिक वर्मा भावगीताच्या वाटेने घराघरांत पोहोचल्या. व्यास या वाटांनी गेले नाहीत. परिणाम उघड आहे. मराठी श्रोत्याला शास्त्रीय गायक नाट्यगीत आणि अभंग यांच्या दारातून भेटतो. जो त्या दारात उभा राहिला नाही तो जाणकारांपुरता राहिला. प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या अज्ञानाचा उलगडा यातून होतो, त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

परंतु व्यासांच्या निवडीत एक तर्कसंगती आहे. सदारंगापासून प्राणपियापर्यंत आणि तेथून गुणिदासांपर्यंत जी कवींची माळ आहे, तिची भाषा ब्रज आहे. त्या माळेत आपला मणी ओवायचा तर तीच भाषा घ्यावी लागते. मराठीत लिहिले असते तर ते नाट्यपद झाले असते किंवा अभंग झाला असता, ‘गुणिजान’ ही सही तेथे शोभली नसती. हैदराबादेत जन्मलेला गुरू आणि उस्मानाबादेत जन्मलेला शिष्य, दोघेही मराठी, मुंबईच्या परिसरात बसून उत्तरेच्या भाषेत पदे रचतात, यात आपल्याला विसंगती वाटते. त्यांना ती वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्यांच्यासाठी ब्रज ही प्रदेशाची नव्हे तर विद्येची भाषा होती. तरीही मराठीची एक शक्यता तेथे अनुत्तरित राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्या वर्गाकडे

जगन्नाथबुवांचे निधन १९६८ मध्ये झाले. पुढे सत्तरच्या दशकात व्यासांनी त्यांच्या स्मरणार्थ ‘गुणिदास संगीत संमेलन’ सुरू केले आणि ते पुढील पिढीनेही चालविले. गुरूच्या नावाने स्मारक उभारण्याऐवजी गाण्याची जागा निर्माण करणे, हेही अध्यापनाचेच एक अंग मानावे लागेल.

मराठवाड्यातच राहून शिकवणाऱ्यांची परंपराही आहे. पं. नाथराव नेरळकर (निधन २०२१) हे तिचे ठळक नाव. तरीसुद्धा ग्रामीण महाविद्यालयातील संगीताचा वर्ग आज ज्या अडचणीत आहे ती दूर झालेली नाही. आपल्याकडे संगीत विषय घेणारा विद्यार्थी अनेकदा भजनी मंडळातून येतो. त्याला ठेका कळतो, टाळाचे वजन कळते, शेकडो अभंग पाठ असतात. आपण पहिल्याच महिन्यात त्याला ते सारे विसरायला सांगतो आणि भातखंडे लिपीतील रेघा व बिंदू गिरवायला लावतो. लिपी आवश्यक आहे, पण कोमल स्वराखालची रेघ तो कोमल किती हे सांगत नाही. व्यासांच्या चरित्रातून निदान इतके दिसते की कीर्तनाचा संस्कार ख्यालाच्या आड येत नाही. बोलबाट शिकवताना ज्या मुलाला अभंगाचा शब्द तालात फेकता येतो त्याच्यापासून सुरुवात का करू नये? अभ्यासक्रमाच्या मंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी विचारात घ्यावी अशी ही सूचना आहे, आणि तिच्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

व्यासांची परंपरा पुढे दोन प्रकारे गेली. सुहास व्यास यांनी ती गळ्यात ठेवली. सतीश व्यास यांनी वडिलांकडे गायन शिकून पुढे पं. शिवकुमार शर्मा यांच्याकडे संतूर आत्मसात केले. संतूरवर बंदिशीचा शब्द उरत नाही, म्हणून मुद्राही उरत नाही. मुखडा, समेची जागा आणि स्वरांची चाल मात्र उरते, आणि जाणकार श्रोता तेवढ्यावरून रचना कोणाची हे ओळखतो. बंदिशीत शब्द नेमके किती काम करतो, या वादात गळ्यावरची आणि संतूरवरची एकच रचना शेजारी ठेवून ऐकणे उपयुक्त ठरेल. तशी तुलना पदव्युत्तर स्तरावरील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगी आहे.