ध्वनिमाध्यमांतील मराठी : मालकी आणि बोली

स्वतंत्र पॉडकास्ट आणि व्यापारी प्रसारमाध्यमे यांची तुलना बहुधा मालकीच्या अंगाने केली जाते. एका बाजूस जाहिरातदाराच्या पैशावर चालणारे केंद्र आणि दुसऱ्या बाजूस स्वतःच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारा एकटा निवेदक, असे चित्र उभे केले की स्वातंत्र्य कोणत्या बाजूस आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे : या दोन्ही ठिकाणी मराठी बोलली जाते ती कोणाची? देवळाली प्रवरा, राहुरी, राहाता या पट्ट्यातून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नव्हे. वर्गात पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वी ते आपली जीभ तपासून घेतात. ही सवय शाळेने लावली हे खरे; परंतु ती पक्की केली ध्वनिक्षेपकाने.

मालकी आणि भाषा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, हे नभोवाणीच्या इतिहासावरून दिसते. पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले. 1956 मध्ये युनेस्कोच्या साह्याने त्या केंद्राने शेतकरी नभोवाणी मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकरी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले, ते आजही वाचनीय आहे. याच केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा बोलीचा मर्मज्ञ लेखक दीर्घकाळ काम करीत होता. मालकी सर्वस्वी सरकारी, वृत्तांवर सरकारचे नियंत्रण. तरीही शेतकऱ्याच्या तोंडची मराठी येथे विचाराच्या कामी येऊ शकली. ती संख्येने थोडी होती आणि निवेदकाची प्रमाण मराठी तिच्या डोक्यावर कायम बसलेली होती, हेही नमूद केले पाहिजे.

1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. ज्या माध्यमात सेकंदाला किंमत असते तेथे पात्राची ओळख एका शब्दात पटवून द्यावी लागते, आणि बोली ही त्या कामी सर्वांत स्वस्त खूण ठरते. 'व्हतं', 'पानी' असे दोन उच्चार केले की श्रोत्यापुढे गावंढळ माणूस उभा राहतो. तो काय सांगतो याची गरजच उरत नाही. एकविसाव्या शतकात आलेल्या खासगी एफ. एम. वाहिन्यांनी आणि दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांनी हीच रीत पुढे चालविली. माझ्या मते व्यापारी माध्यमांनी बोलीचे केलेले नुकसान तिला वगळण्यात फारसे नाही. तिला केवळ हशा पिकविण्यासाठी आत घेण्यात आहे.

'पॉडकास्ट' हा शब्द 2004 मध्ये बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने प्रथम योजिला. येथे परवाना लागत नाही आणि घड्याळाचाही जाच नाही. पुण्याच्या 'अमुक तमुक'सारख्या मराठी पॉडकास्टात संभाषण तास तास चालते. याचा भाषिक लाभ मोठा आहे आणि तो पुरेसा ओळखला गेलेला नाही. लिखित मजकूर वाचणाऱ्या निवेदकाचे वाक्य क्रियापदाशी येऊन थांबते. बोलणाऱ्या माणसाचे तसे नसते : 'आला होता तो, परवा, पैसे मागायला' अशी त्याची रचना असते, आणि क्रियापदामागून येणाऱ्या या पदांना स्वतःचे प्रयोजन असते. अडखळणे, 'म्हणजे' म्हणून वाक्य दुरुस्त करणे, मध्येच दिशा बदलणे, हे सारे विपुल प्रमाणात ऐकावयास मिळू लागले आहे. मराठीच्या वाक्यविचारावर काम करणाऱ्यास ही सामग्री पूर्वी इतक्या सहज कोठे लाभली असती?

इंग्रजी नामांना 'करणे', 'होणे' जोडून बनविलेल्या क्रियापदांबद्दल मात्र कुरकुर होते. मला ती विशेष महत्त्वाची वाटत नाही. 'अर्ज करणे', 'माफ करणे' ही रूपे याच वाटेने आली आणि स्थिरावली. अधिक चिंतेची बाब अशी की, इतके स्वातंत्र्य असूनही 'मपला', 'तुपला' म्हणणारा आवाज या नव्या दालनात गंभीर विषयावर क्वचितच ऐकू येतो. उत्तर नगर आणि जुन्नरच्या बाजूस ही रूपे घरोघरी आहेत. 'आपला' या रूपाशी असलेले त्यांचे साम्य व्याकरणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यांना कोणी बंदी घातलेली नाही. बोलणाराच ध्वनिक्षेपकासमोर बसताच ती गिळून टाकतो. मालक गेला तरी निवेदकाचा स्वर आपल्या कानात राहिला आहे.

मालकीचा प्रश्न तरी सुटला काय? प्रवरेच्या खोऱ्यातील वाचकास दाखला घरचाच देता येईल. खासगी कारखानदारीच्या काळात ऊस पिकविणारा एक आणि चरख्याचा धनी दुसरा, अशी स्थिती होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला तो चरख्यावर हक्क मिळविण्यासाठी. पॉडकास्टची मूळ रचना सहकाराला अनुकूल होती : 'फीड' नावाची खुली सूची कोणीही आपल्या संगणकावरून प्रसृत करावी आणि कोणीही ती ऐकावी. आज मात्र मराठी निवेदक आपला ऊस यूट्यूब व स्पॉटिफाय यांच्या गव्हाणीत टाकतो. कोणता भाग कोणापुढे ठेवावयाचा हे तेथील यंत्रणा ठरविते. गूगलने आपली पॉडकास्ट सेवा 2024 मध्ये बंद केली, तेव्हा ऐकणाऱ्यांची वा बोलणाऱ्यांची संमती घेण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे महाजालावर उपलब्ध आहेत. त्यांत बोली नमुना म्हणून येते, व ते योग्यच आहे. विद्यार्थ्यांना याहून निराळे काम करता येईल. कालव्याच्या आवर्तनावरून होणारे तंटे, ऊसतोडीच्या उचलीचे हिशेब, एखाद्या पिकाचा बदललेला भाव, अशा विषयांवर जाणत्या माणसांशी त्यांच्याच बोलीत अर्धा-पाऊण तास बोलावे. त्यांची संमती घेऊन मूळ संचिका विभागाच्या संग्रहात ठेवावी आणि प्रत पाहिजे त्या व्यासपीठावर चढवावी. एक अट मात्र आवश्यक वाटते : प्रश्न विचारणाऱ्यानेही घरी जे रूप वापरतो तेच वापरावे. त्याने 'माझे' म्हणताच समोरचा 'मपले' म्हणावयाचे थांबतो.