कोळंब्या पन्नास, नमुना एकच

घरच्या टाकीत चेरी कोळंबीची पैदास कशी करावी, हे शिकवणारे व्हिडिओ मी आवडीने बघते. त्यांचं निरीक्षण चांगलं असतं: मादी पोटाखाली २०-३० अंडी वागवते आणि साधारण ३-४ आठवड्यांनी त्यातून थेट इवल्याशा कोळंब्याच बाहेर पडतात.

गडबड होते ती निष्कर्षात. एका टाकीत देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं, दुसरीत नाही. पानवालीत पिल्लं जास्त दिसली, म्हणजे ‘पानामुळे पैदास वाढते’! पण एका टाकीतल्या सगळ्यांचं पाणी, तापमान, खाणं एकच. म्हणून कोळंब्या ५० असल्या तरी प्रत्येक बाजूला नमुना एकच, तो म्हणजे टाकी. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं. शिवाय अंडीच जास्त झाली, की पानावरचा जिवाणू-शेवाळाचा थर खाऊन पिल्लं जास्त जगली, हे कोणी वेगळं मोजत नाही.

प्रत्येक बाजूला चार-पाच टाक्या हव्यात, आणि पान कुठल्या टाकीत टाकायचं ते चिठ्ठ्या काढून ठरवावं. व्हिडिओत हे खपून जातं. प्रबंधात मात्र परीक्षकाच्या एका प्रश्नावर वर्षभराचं काम अडतं. तेव्हा सिनॉप्सिस लिहिण्याआधीच ठरवा, आपल्या प्रयोगातली ‘टाकी’ कोणती?