लपंडावाचा करार
(‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’ या खेळाचें परीक्षण)

लपंडाव खेळणाऱ्या मुलांमध्यें एक अलिखित करार असतो. ज्याच्यावर राज्य आलें त्यानें आंकडे मोजीपर्यंत डोळे मिटलेच पाहिजेत, आणि लपणाऱ्यानें ठरलेल्या हद्दीबाहेर जातां कामा नये. शिवाशिवींत एखादा नियम मोडला तर थोडें भांडण होतें व खेळ पुढें चालतो. लपंडावांत मात्र करार मोडला कीं खेळच संपतो. दुसऱ्याला काय दिसतें आणि काय दिसत नाहीं याविषयींची खात्री हीच लपण्यांतील सारी मौज आहे. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगावयासहि नको. परंतु ११ नोव्हेंबर २०१४ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’ या व्हिडिओ गेमचा विचार करतांना ती आम्हांस वारंवार आठवली. त्या खेळाची त्या वेळीं थट्टा पुष्कळ झाली. ती थट्टा आतां ओसरली असल्यामुळें एक कलाकृति म्हणून त्याची परीक्षा करणें शक्य झालें आहे, व ती करणें उचित होईल असें आम्हांस वाटतें.

ज्या वाचकांचा या प्रकाराशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विवेचन आवश्यक आहे. कादंबरींत वाचक लेखकाच्या मागून चालतो. ‘ओपन वर्ल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळांत रचनाकार एक सबंध मुलूख उभा करून खेळाडूला त्यांत मोकळा सोडून देतो. येथें तो मुलूख म्हणजे राज्यक्रांतीच्या काळचें पॅरिस होय. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेनें इतर शाखांच्या साहाय्यानें तें रचलें. नायक आर्नो डोरियन याचा बाप १७७६ सालीं व्हर्साय येथें मारला जातो. पुढें ज्यानें त्याला वाढविलें त्याचाहि खून होतो, आणि त्या खुनाचा आळ येऊन आर्नो बॅस्तीयच्या तुरुंगांत पडतो. १४ जुलै १७८९ रोजीं लोकांनीं तो तुरुंग घेतला त्या गर्दींत तो निसटतो व मारेकऱ्यांच्या गुप्त पंथास मिळतो. ज्या एलीझवर त्याचें प्रेम आहे ती नेमकी विरुद्ध पंथाची! कथानक म्हणून यांत विशेष नवें कांहीं नाहीं. रोब्सपिएरच्या चित्रणाबद्दल तर झाँ-ल्यूक मेलाँशाँ या फ्रेंच राजकीय पुढाऱ्यानें तीव्र आक्षेप घेतला होता.

पण या कृतीचें खरें बळ कथेंत नसून नगररचनेंत आहे. रस्त्यांतून लोकांचे थवेच्या थवे लोटतात, कित्येक घरांच्या आंत शिरतां येतें, आणि नोत्र दामचें भव्य प्रार्थनामंदिर पायथ्यापासून शिखरापर्यंत चढून पाहतां येतें. एकोणिसाव्या शतकांत व्हिओले-ले-द्यूक यानें उभारलेला मनोराहि त्यावर दाखविला आहे. इतिहासाच्या दृष्टीनें ही चूक खरी. परंतु त्यावांचून आजच्या मनुष्यास त्या मंदिराची ओळख पटली नसती, म्हणून ती जाणूनबुजून केलेली व क्षम्य अशी आम्ही समजतों.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या मालिकेचा पहिला खेळ २००७ सालचा. तेव्हांपासून तिचा नायक मारेकरीच. पण नवल असें कीं, खेळाडूच्या इच्छेस येईल तेव्हां वांकून दबकत चालणें ही साधी क्रिया त्याला मुख्य खेळांत कधींच येत नव्हती. ‘युनिटी’नें त्यासाठीं प्रथमच स्वतंत्र कळ दिली. शिवाय, पहारेकऱ्यांनीं नायकाला जेथें शेवटचें पाहिलें तेथें त्याची एक फिकट छायाकृति उमटते. ते त्या छायेकडे धांवतात, आणि तेवढ्यांत खेळाडूनें त्यांना वळसा घालून जावें! शत्रूच्या चुकीच्या समजुतीला असें दृश्य रूप देणें ही कल्पना आम्हांस फार मार्मिक वाटते. नोत्र दाममध्यें सिवेर नांवाच्या शत्रूला गांठावयाचें असतें, तेव्हां कोणताहि एक मार्ग आंखून दिलेला नाहीं. उंचावरून उतरावें, गर्दींत मिसळून शिरावें, किंवा पापनिवेदनाच्या कोठडींत पलीकडच्या बाजूस बसून त्याला एकांतांत धरावें. बेत खेळाडूचा, जोखीमहि त्याचीच. गनिमी काव्याच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकांस या आनंदाचें मर्म समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

असें असतां हा बेत फसला कसा? खेळ मूळ ठरल्याप्रमाणें २८ ऑक्टोबरला यावयाचा तो दोन आठवडे पुढें ढकलला होता. तरीहि तो तयार नव्हता. विक्री सुरू होतांच जगभरच्या खेळाडूंनीं त्याचे दोष चव्हाट्यावर मांडले. कोणाच्या पडद्यावर पात्रांचे चेहरे नाहींसे होऊन नुसते डोळे, दांत आणि केस अधांतरीं राहिले, आणि तें भेसूर चित्र सर्वत्र फिरलें. चित्राची गति गर्दींत अडखळूं लागली. खुद्द कंपनीनें जे दोष कबूल केले त्यांत नायक जमिनींतून खालीं पडणें, सोबत्यांच्या खेळांत सामील होतांना खेळच बंद पडणें, आणि नायक वाळल्या गवताच्या गाडींत अडकून बसणें, हे होते. या शेवटल्या दोषाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. गवताची गाडी हें या मालिकेंतील सर्वांत जुनें लपण्याचें ठिकाण. लपणाऱ्यास आसरा देणारी जागाच त्याला गिळून बसली!

कित्येक खेळाडूंचें म्हणणें असें कीं, अशा चुका प्रत्येक मोठ्या खेळांत असतात. त्यांवर हंसावें व पुढें जावें. उघड झुंजीच्या खेळांपुरतें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. तलवारीचा एक वार चुकला तर दुसरा करतां येतो. परंतु लपून जाण्याचा खेळ अपयशांतून शिकवीत असतो. खेळाडू दहा मिनिटें दबा धरून बसतो, पकडला जातो, आणि स्वतःला विचारतो, “माझें कोठें चुकलें?” या प्रश्नाला उत्तर असेल तर पुढच्या खेपेस तो अधिक शहाणा होऊन येतो. पण चूक आपली कीं यंत्राची हेंच जर कळेनासें झालें, तर त्याच्या धीराला अर्थ राहत नाहीं. मग तो तलवार उपसून सरळ दारानें आंत घुसतो, आणि रचनाकारांनीं मोठ्या कष्टानें आंखलेले सारे चोरमार्ग ओस पडतात. ‘युनिटी’चें खरें नुकसान हें आहे. बिनचेहऱ्याच्या माणसांवर लोक हंसले. ज्या कलेसाठीं हा खेळ रचला गेला तिचा विश्वास गेला, याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

येथें दोन प्रकारचे दोष निराळे केले पाहिजेत. मुद्रणदोष शुद्धिपत्रानें सुधारतो. रचनेंतील दोष सुधारत नाहीं. २०१३ सालच्या ‘ब्लॅक फ्लॅग’मध्यें पहारेकऱ्याला भुलविण्यासाठीं शीळ घालतां येत असे, ती येथें काढून टाकली. कुलपें उघडण्यासारखी मारेकऱ्याची प्राथमिक विद्या गुण खर्चून विकत घ्यावी लागते. भिंतीच्या आडोशाला चिकटलेला नायक हव्या त्या क्षणीं सुटत नाहीं, आणि खिडकींतून आंत जा म्हटलें तर तिच्याभोंवतीं घुटमळत राहतो. हे दोष पुढल्या दुरुस्त्यांनंतरहि बव्हंशीं राहिले. म्हणून, वेळ मिळाला असता तर हा खेळ निर्दोष झाला असता, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. तो चांगला झाला असता, इतकेंच म्हणतां येईल.

प्रकाशकाच्या वर्तनाविषयीं मात्र आम्हांस कठोर बोलणें भाग आहे. परीक्षकांना खेळ आधीं दिला होता. परंतु विक्रीच्या दिवशीं दुपारीं बारा वाजेपर्यंत मत प्रसिद्ध करूं नये अशी अट होती, आणि विक्री तर मध्यरात्रींच सुरू झाली होती. म्हणजे ज्यांनीं उत्सुकतेनें पहिल्या तासांत पैसे मोजले त्यांना परीक्षकाच्या शब्दाचा उपयोग झाला नाहीं. नाटकमंडळीनें रंगीत तालमीला तिकीट लावावें आणि टीकाकारांस पहिला अंक संपेपर्यंत बोलूं देऊं नये, तसाच हा प्रकार झाला. परीक्षणाचें काम ग्राहकाला आधीं सावध करण्याचें आहे. नंतर सांत्वन करण्याचें नव्हे. अट घालणारा जितका दोषी तितकेच ती निमूटपणें मान्य करणारेहि दोषी, असें आमच्याच व्यवसायाविषयीं आम्हांस म्हणावें लागतें.

त्याच वेळीं कंपनीच्या बाजूचेंहि सांगणें न्यायाचें आहे. २६ नोव्हेंबर २०१४ रोजीं माँट्रियल शाखेचे प्रमुख यानिस माला यांनीं जाहीर माफी मागितली. ‘डेड किंग्ज’ हा पुरवणी भाग सर्वांस विनामूल्य देण्याचें जाहीर केलें. ज्यांनीं पुढील भागांचे पैसे आगाऊ भरले होते त्यांना एक निराळा खेळ दिला. दुरुस्त्या होत गेल्या. दरवर्षीं एक मोठा खेळ काढण्याची घाईहि पुढें सुटली, व २०१६ सालीं या मालिकेंत नवा मुख्य खेळ निघाला नाहीं. प्रायश्चित्त म्हणून हें थोडें नव्हे.

१५ एप्रिल २०१९ रोजीं नोत्र दामला आग लागून तो मनोरा कोसळला. त्यानंतर कंपनीनें जीर्णोद्धारासाठीं पांच लाख युरो दिले, व हा खेळ आठवडाभर फुकट ठेवला. पुष्कळ लोक केवळ तें मंदिर चढून पाहण्यासाठीं त्यांत शिरले, आणि एके काळीं हंसण्याचा विषय झालेल्या कृतीबद्दल चांगले अभिप्राय लिहूं लागले. मंदिर डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां उघडलें आहे. आज ज्यास हा खेळ खेळावयाचा असेल त्यास आम्ही तो खुशाल खेळावा असें सांगूं. दुरुस्त झालेल्या पॅरिसमधून रात्रीं छपरांवरून दबकत जाण्याचा आनंद खरा आहे. परंतु नोव्हेंबर २०१४ मध्यें ज्यांनीं पूर्ण किंमत देऊन तो घेतला त्यांना तो आनंद मिळाला नाहीं, आणि कोणतेंहि शुद्धिपत्र पहिलें वाचन परत देऊं शकत नाहीं, हेंहि त्या खेळाच्या परीक्षणांत कायम नमूद राहिलें पाहिजे.